आर्तांक अकरा

पिंपळझरी खाणीच्या तोंडाशी मे महिन्याचे सत्तेचाळीस अंशांचे ऊन तापले होते आणि तिथून एकशे ऐंशी मीटर खाली डॉ. रेवती बोढे हिचा मोठा भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभा होता. नियंत्रण कक्षातल्या फलकावर मात्र त्याच्या नावापुढे लिहिले होते: 'ठीक'. हा शब्द लिहिणारे यंत्र रेवतीनेच बनवले होते.

सकाळी साडेनऊला शेजारच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणीत साठलेले पाणी मधली भिंत फोडून चौथ्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या आडव्या बोगद्यात, घुसले. कामावरची बासष्ट माणसे धावत वर आली. दोन राहिली. कल्याणी आत्राम ही सर्वेक्षक पाय मोडून एका उंच कोनाड्यात पडली होती; तिथे अजून पाणी पोहोचले नव्हते. हेमराज बोढे हा ड्रिल चालवणारा कामगार तिच्यापासून दीडशे पावलांवर, उताराच्या टोकाला अडकला होता. त्याच्याकडचे पाणी छताला टेकायला तासभर लागला असता, फार तर.

त्यांना आणायला एकच साधन होते. एका माणसाला आडवे घेऊन पाण्यातून रुळावर सरकणारी बंद नळकांडी. तिचे कागदोपत्री नाव 'स्वयंचलित बचाववाहक' होते, पण खाणीतली माणसे तिला पाळणा म्हणत. पाळण्याला खाली जायला पंचवीस मिनिटे लागत आणि वर यायला तेवढीच. रूळ साफ करून तो बारा मिनिटांत निघणार होता.

फलकावर दोन ओळी होत्या. कल्याणी आत्राम, आर्तांक ८१. हेमराज बोढे, आर्तांक १९.

खाणीचे व्यवस्थापक ठेंगणे साहेब तो फलक बघून घामाघूम झाले होते. कक्षात वातानुकूलन चालू होते तरीही.

"मॅडम, हे उलटं कसं?" ते म्हणाले. "बुडतोय कोण आणि पाळणा चाललाय कोणाकडे?"

"ज्याचा आर्तांक जास्त, त्याच्याकडे आधी," रेवती म्हणाली. "पाण्याची पातळी मोजणारे संवेदक सकाळीच वाहून गेलेत. शाबूत आहे ती फक्त हेल्मेटमधल्या आवाजाची तार. त्यामुळे यंत्र नुसत्या आवाजावरून ठरवतंय की कोण जास्त संकटात आहे."

"मग हाताने बदला ना तो क्रम."

"कायद्याने येत नाही, साहेब. तुम्हालाही माहीत आहे."

ठेंगण्यांना माहीत होते. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खाणीत तिथल्या साहेबाने आपल्या भाच्याला आधी वर घेतले होते आणि खाली दोन माणसे गुदमरून मेली होती. तेव्हापासून न्यायालयाचा हुकूम होता: क्रम यंत्राने ठरवायचा, माणसांनी खालच्या लोकांशी फक्त बोलायचे, आणि पाळणा एकदा निघाला की त्याची दिशा बदलायची नाही. हे यंत्र बनवल्याबद्दल रेवतीचा सत्कार झाला होता, शाल-श्रीफळ आणि पेपरातल्या फोटोसकट. नाव होते 'आर्तश्रुती'.

"पण आवाज ऐकून त्याला कळत कसं नाही?" ठेंगण्यांनी विचारले.

उत्तर रेवतीच्या साहाय्यकाने, निषाद अलोणेने दिले. सगळ्या आकडेवारीची उस्तवार त्याच्याकडे होती.

"आम्ही त्याला आपत्कालीन सेवेला आलेले सव्वा लाख फोन ऐकवले, साहेब. प्रत्येक फोनबरोबर सांगितलं की गाडी तिथे गेली तेव्हा काय आढळलं. आवाजातला कंप, श्वास, दोन शब्दांमधली जागा, यावरून ते शिकलं. फक्त एक गोष्ट राहिली. गाडी गेली असेल तरच काय आढळलं ते कळतं ना? बाई घाबरून बोलली, गाडी गेली. पुरुष म्हणाला, छातीत जरा जड वाटतंय, गॅस असेल, राहू द्या. गाडी गेलीच नाही. नोंद काय झाली? गरज नव्हती. तो बाबा संध्याकाळी गेला असेल तर त्याची नोंद स्मशानात. आमच्याकडे नाही."

"आणि हे तुम्हाला आज कळतंय?"

"हो, आज कळतंय," रेवती म्हणाली. तिला शरम वाटली. पण शरमेला वेळ नव्हता. बारातली दोन मिनिटे गेली होती.

नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या जवळच्या एका नातेवाइकाला तारेवर दोन मिनिटे बोलू देत. हेमराजसाठी त्याचे वडील आले. लक्ष्मणराव बोढे याच खाणीत तीस वर्षे काढून ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचा मुकादम, म्हणून निवृत्त झाले होते. ताठ कण्याचा, कोरलेल्या मिश्यांचा म्हातारा. त्यांनी लेकीकडे पाहिलेही नाही, सरळ ध्वनिग्राहकापाशी गेले.

"हेमराज, मी बोलून रायलो. कसा आहेस?"

"मजेत, बाबा. पानी कमरीलोक आहे. कायी टेन्शन घेऊ नका."

"भेवाचं नाई. बोढ्याचा पोरगा आहेस तू. आपल्या घरात कोनी रडलं नाई आजलोक."

"हाव बाबा. मी एकदम ठीक आहो."

फलकावरचा आकडा हलला. एकोणिसाचे पंधरा झाले, पंधराचे अकरा. रेवतीने वडिलांच्या खांद्याला धरून त्यांना मागे ओढले. म्हातारा आपले काम चोख बजावल्यासारखा मान ताठ ठेवून बाहेर गेला. बाहेरच्या मंडपात वाहिन्यांचे कॅमेरे लागले होते. तिथे आवाज पोहोचत नव्हता. मंडपातल्या पडद्यावर फक्त फलकावरच्या ओळी दिसत होत्या.

रेवती ध्वनिग्राहकापाशी बसली. लहानपणी घरात ज्या भाषेत भांडायची त्याच भाषेत ती बोलू लागली.

"भाऊ, आयक. पाळणा आत्रामबाईकडे चालला. तुले रडा लागन."

"येडी झाली का व?"

"यंत्राले वाटते तू मजेत आहेस. तू घाबरलास हे त्याले आवाजातून कळलं पायजे. रड, बोंबल, कायीही कर. नऊ मिन्टं आहेत."

खालून नुसता पाण्याचा आवाज आला. मग हेमराज म्हणाला, "ह्ये सारं रेकॉर्ड होऊन रायलं ना?"

"हो."

"मंग जमत नाई, रेवा."

असे का, हे रेवतीला ठाऊक होते. या खाणीच्या दिवाघरात प्रत्येकाच्या नंबरची एक खुंटी होती, वर आल्यावर टोपीचा दिवा अडकवायला. घुसमटते म्हणून, छाती भरून आली म्हणून पाळी सुटायच्या आधी जो वर यायला निघे, त्याच्या खुंटीवर दुसऱ्या दिवशी हिरवी बांगडी लटकलेली असे. कुणी लटकवली हे कुणी विचारत नसे.

"तुकारामच्या खुंटीवर गेल्या साली मीच लटकवली होती," हेमराज म्हणाला. "सारे हासले होते. तो नोकरी सोडून गेला."

कल्याणी आत्राम सगळे ऐकत होती. तार दोघांना सामाईक होती. ती मध्येच बोलली, अगदी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून.

"मॅडम, मी कल्याणी. मी ठीक आहे. माझ्याकडे पाणी नाही. आधी बोढेभाऊंना घ्या. मला काहीही झालेलं नाही."

आर्तांक ८१ वरून ८८ वर गेला.

"अरे, हे काय?" ठेंगणे म्हणाले.

निषादने कपाळाला हात लावला. "ज्या बायका शांतपणे म्हणाल्या की काही नाही, मी ठीक आहे, त्यांच्याकडे गाडी पाठवली तेव्हा बहुतेक वेळा मारणारा शेजारीच उभा होता. यंत्र बरोबरच शिकलंय. फक्त इथे ते उपयोगाचं नाही."

"तिला म्हणावं गप्प बस मग."

कल्याणी गप्प बसली. वीस सेकंदांनी आकडा ९० झाला. बोलणारी बाई एकाएकी गप्प झाली याचा यंत्राने काढलेला अर्थ कुणालाच समजावून सांगावा लागला नाही.

"भाऊ, सात मिन्टं," रेवती म्हणाली. "मी हात जोडतो तुह्यापुढं." घरच्या बोलीत ती स्वतःबद्दल अशीच बोले.

हेमराजने प्रयत्न केला. त्याने खरोखर केला. घशातून आधी खाकरल्यासारखा आवाज निघाला, मग एक लांब हुंदका, मग आणखी एक. ते ऐकवत नव्हते. चाळिशीकडे झुकलेला माणूस पहिल्यांदाच सायकलवर बसावा आणि सगळा गाव बघत असावा, तसे ते रडणे होते. सगळ्यांचे डोळे फलकाकडे लागले. आकडा अकराच राहिला आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली: 'पार्श्वभूमीवर दूरचित्रवाणी चालू. आवाज वगळला.'

ठेंगणे खुर्चीतून उठले. "खाणीत टीव्ही कुठला आलाय?"

"अभिनय-गाळणी आहे ती," निषाद म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "लोक फोन करतात तेव्हा मागे टीव्ही चालू असतो. मालिकेत कुणी हंबरडा फोडला की यंत्र गाडी पाठवायचं. म्हणून त्याला आम्ही हजारो तास चित्रपट आणि मालिका ऐकवल्या आणि सांगितलं, हे खोटं. बायकांचं रडणं त्याला दोन्हीकडे सापडलं, फोनवर आणि पडद्यावरही. त्यामुळे खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे शिकता आलं. पुरुषांचं रडणं सव्वा लाख फोनांत एकशे सदतीस वेळा आलं. पडद्यावर मात्र नायक उठसूट रडतात. आईसाठी, मित्रासाठी, देशासाठी. मग पुरुष रडला की यंत्राला काय वाटणार? टीव्ही चालू आहे."

"म्हणजे तो गप्प राहिला तर मजेत आणि रडला तर खोटा."

"हो."

"मग त्याने करायचं काय?" ठेंगणे हताश होऊन म्हणाले.

 रेवतीला एक गोष्ट आठवली होती आणि ती बोलावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हते. पण घड्याळ पाच मिनिटे दाखवत होते.

त्यांच्या गावात भात कापून झाल्यावर दंडार होई. ढोलकी, नाच, सोंगे, गाणी. बायकांची कामे पुरुषच करत. सतरा वर्षांचा हेमराज त्यात राणी व्हायचा, वनवासात टाकलेली एक गर्भार राणी. तो शोक करू लागला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावत. आवाज किनरा काढलेला नसे. तो बाईचाच आवाज असे, कुठून येई देव जाणे. मग एका वर्षी कुणीतरी त्याचे फोनवर चित्रण केले, खाली हसणारी तोंडे चिकटवली, वर एक उडते गाणे लावले आणि ते तालुकाभर फिरले. कॉलेजात पोरे त्याला राणीसाहेब म्हणू लागली. लक्ष्मणरावांनी ते आपल्या पाळीतल्या माणसांच्या फोनवर पाहिले. घरी येऊन त्यांनी राणीचे लुगडे अंगणात जाळले आणि हेमराजला ते बघत उभे केले. पुढच्या वर्षी तो मिशा राखून खाणीत उतरला. त्यानंतर तो गायला नाही, आणि रेवतीच्या माहितीप्रमाणे रडलाही नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "राणीच्या आवाजात बोल."

ती पुढे वाकली.

"भाऊ, यंत्राले बाईचा आवाज खरा वाटते. नाटकातलं नको बोलू, ते गाळणीत जाईन. तुह्यं स्वतःचं बोल. आवाज तेवढा तिचा."

"रेवा," हेमराज म्हणाला, "ह्ये रेकॉर्डिंग उद्या साऱ्याईच्या फोनवर असन."

"असन."

"पह्यले एकदा झालं ना तसं. मी तेव्हाच मराले पायजे होतो असं वाटे मले. आता पुन्हा?"

"मले तू जित्ता पायजे."  रेवती तेच पुन्हा म्हणाली. "मले तू जित्ता पायजे, भाऊ. बाकी लोकाईचं काय करायचं ते मंग पाहू."

कल्याणीचा आवाज आला. "बोढेभाऊ, मी कानावर हात ठेवते. मला काही ऐकू येणार नाही. तुम्ही बोला."

तीन मिनिटे राहिली होती. तारेवर कुणाचा तरी दीर्घ श्वास ऐकू आला. आणि मग कक्षात एका बाईचा आवाज भरला.

"मले भेव वाटते व माय," ती बाई म्हणाली. "मले अंधाराचं भेव वाटते. आज नाई, वीस वर्सांपासून वाटते. रोज खाली उतरनाऱ्या पिंजऱ्यात बसलो का मी मोजत बसतो वर येईलोक. पानी छातीलोक आलं आता. मले मराचं नाई. मले वर घ्या ना कोनी. हात जोडतो, मले वर घ्या."

निषादने तोंड फिरवले. ठेंगण्यांनी चष्मा काढला. रेवती टेबलाची कड धरून रडत होती. तिला एवढेच कळत होते की भाऊ अभिनय करत नाही. त्याला रडायचे एकच ठिकाण ठाऊक होते, आणि ते वीस वर्षांपूर्वी अंगणात जाळले होते.

फलकावर तिसरी ओळ उमटली. 'अनोळखी व्यक्ती, स्त्री. स्थान: हेमराज बोढे यांच्याजवळ. आर्तांक ९३.'

"तिसरी व्यक्ती?" ठेंगणे म्हणाले.

"प्रत्येक कामगाराचा स्वरठसा यंत्राकडे आहे, बोटांचे ठसे असतात तसा," निषाद म्हणाला. "हा आवाज कुणाच्याच ठशाशी जुळला नाही. त्याच्या हिशेबी खाली आणखी एक बाई आहे."

"असू दे," रेवती म्हणाली. "पाळणा जातोय ना तिकडे?"

पाळणा निघाला. त्याची दिशा उताराच्या टोकाकडे होती. बाहेरच्या मंडपात एकदम गलका झाला. खाली तिसरी व्यक्ती आहे, तीही बाई, हे लोकांनी पडद्यावर वाचले होते. वाहिन्यांना तेवढे पुरे होते. हजेरीपटावर नसलेली ही महिला कोण, असे दहा मिनिटांत चार जण ओरडून विचारू लागले.

पुढची पंचवीस मिनिटे रेवतीने भावाला बोलते ठेवले. पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आले होते. तो टाचा उंचावून उभा होता आणि मधूनमधून आपल्या आवाजात विचारत होता, किती राहिलं. शेवटी त्याला पाळण्याचा दिवा दिसला.

पाळणा थांबला. तारेवरून त्याचा सावकाश, सभ्य आवाज कक्षात सगळ्यांना ऐकू आला. "हेल्मेट क्रमांक चारशे सहा. हेमराज बोढे. आर्तांक अकरा. आपण ठीक आहात. कृपया बाजूला व्हा. मागे एक बाई आहेत, आधी त्यांना घ्यायचे आहे."

 रेवतीने हा नियम स्वतः लिहिला होता: घाईत पुढे घुसणाऱ्या धडधाकट माणसाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

"बाजूले कुठं होऊ?" हेमराज म्हणाला. "इथं कोनी बाई नाई. मीच आहो ते. ते बाई मीच आहो." हे तो आपल्या आवाजात म्हणाला आणि म्हणताना त्याला रडू फुटले.

'पार्श्वभूमीवर दूरचित्रवाणी चालू. आवाज वगळला.'

"कृपया बाजूला व्हा," पाळणा म्हणाला.

"हेल्मेट," निषाद ओरडला. "मॅडम, ते चेहरा ओळखत नाही. कोळशाने सगळे चेहरे सारखेच होतात म्हणून आपण ते ठेवलंच नव्हतं. क्रमांक आणि आवाज, एवढंच."

रेवतीने ध्वनिग्राहक तोंडाशी ओढला. "भाऊ, हेल्मेट काढ. पान्यात दूर फेक. मंग तिच्याच आवाजात बोल."

"हेल्मेट काढलं तर तू मले आयकू येनार नाई."

"नाई येनार."

"दिवाबी जाईन."

"पाळण्याचा दिवा आहे ना. भाऊ, काढ."

खरखर झाली, पाण्याचा एक बुडबुडा वाजला आणि तार बंद पडली. फलकावर हेमराजच्या नावापुढचा 'ठीक' पुसला गेला. तिथे आले: 'संपर्क नाही.'  चार मिनिटे गेली, पाच गेली. रेवती मनात नवस बोलू लागली. तिचा देवावर विश्वास नव्हता, तरी बोलली. सहाव्या मिनिटाला फलकावर ओळ आली. 'अनोळखी स्त्री घेतली. परतीचा प्रवास सुरू.'

ती पाळण्याच्या चौथऱ्याकडे धावली. बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होते. मंडपात सगळे उभे राहिले होते आणि एक निवेदिका कॅमेऱ्यासमोर गहिवरून बोलत होती. पडद्यावरच्या ओळी सगळ्यांनी वाचल्या होत्या, आणि त्यांची गोष्ट जुळवायला कुणालाच वेळ लागला नव्हता. पाळणा बोढेंजवळ गेला. पाळण्यात बाई आली. बोढेंचा संपर्क तुटला. म्हणजे हेमराज बोढे यांनी एका अनोळखी महिलेला आपली जागा दिली आणि स्वतः जलसमाधी घेतली.

"हेमराज बोढे," एक जण ओरडला, आणि शंभर गळ्यांनी उत्तर दिले, "अमर रहे."

लक्ष्मणरावांच्या तोंडापुढे तीन ध्वनिग्राहक होते. म्हाताऱ्याचे डोळे कोरडे आणि छाती पुढे होती. "माहा पोरगा मर्दासारखा गेला," ते सांगत होते. "बाईले आधी जागा देली त्यानं. मी शेवटी तारेवर बोललो, तेव्हाच वळखलं होतं मी."

रेवती त्यांच्यापर्यंत जाऊन थांबली. सांगणार काय? पाळण्यात भाऊ आहे हे यंत्र म्हणत नव्हते. यंत्र म्हणत होते, अनोळखी स्त्री. आणि या यंत्राच्या कोणत्याच शब्दावर आता तिचा विश्वास राहिला नव्हता. दार उघडल्याशिवाय बापाला पुन्हा एकदा मुलगा द्यायची तिची हिंमत झाली नाही.

पंचवीस मिनिटांनी पाळणा वर आला आणि चौथऱ्यावर थांबला. दाराशेजारच्या जाळीतून आवाज आला. तो हेमराजचा होता.

"रेवा?"

ती तिथेच खाली बसली. "भाऊ." तिने जाळीला कपाळ टेकवले. 

"बाहेर माह्यं नाव कोन घेऊन रायलं?" त्याने विचारले.

तिने सांगितले. लपवून ठेवण्यासारखे काही उरले नव्हते.  बाहेर घोषणा चालूच होत्या आणि त्यात लक्ष्मणरावांचा खणखणीत आवाज मिसळला होता.

"दार नको उघडू," हेमराज म्हणाला.

"असं काय बोलतं, भाऊ?"

"मी मेलो ते बरं झालं. आयक ना, बाबा किती खूश आहे. माह्यावर कधी असा खूश झाला होता का तो? मी बाहेर आलो का ते सारं जाईन. मंग मी कोन? रडून, बाईचा आवाज काढून जीव वाचवला, तो."

रेवतीचा हात दाराच्या दांड्यावर होता. दांडा ओढायला ती धजेना. एवढ्यात कक्षातून निषाद पळत आला. "मॅडम, कल्याणीच्या कोनाड्यात पाणी शिरलंय. अंदाजापेक्षा आधीच. पाळणा रिकामा झाल्याशिवाय खाली जात नाही."

आत हालचाल झाली.

"आत्रामबाईकडे पानी आलं?" हेमराजने विचारले.

"आलं," रेवती म्हणाली.

दार आतून उघडले.

हेमराज बोढे हात टेकत बाहेर आला. डोक्यावर हेल्मेट नव्हते, मिशा ओठांवर चिकटल्या होत्या, आणि तो रडत होता. आपल्याच आवाजात, मोठ्याने, वेडेवाकडे. पुढच्या लोकांनी त्याला पाहिले आणि ते गप्प झाले. मागच्यांना दिसत नव्हते, त्यामुळे 'अमर रहे' आणखी थोडा वेळ चालले, मग तेही थांबले. त्याच्या पाळीतली माणसे पुढच्याच रांगेत होती. त्यातला एक जण हसू लागला आणि हसता हसता थांबला, कारण शेजारचे कुणी हसले नाही. दोघांनी फोन मात्र वर धरले होते.

हेमराज गर्दीतून सरळ वडिलांकडे गेला.

"बाबा," तो म्हणाला, "मले लय भेव वाटलं."

लक्ष्मणरावांच्या तोंडापुढचे ध्वनिग्राहक अजून तिथेच होते. त्यांनी मुलाकडे पाहिले, त्याच्या ओल्या चेहऱ्याकडे, उघड्या डोक्याकडे.  मग ते त्याला ओलांडून पुढे गेले, चौथऱ्यावर चढले आणि वाकून पाळण्यात पाहू लागले. एक हात आत घालून त्यांनी ओली गादी चाचपली.

"कोनाले शोधून रायले, बाबा? त्या बाईले?" रेवतीने विचारले.

 निषादने त्यांना धरून बाजूला केले. पाळण्याचे दार बंद झाले आणि तो कल्याणीला आणायला खाली निघाला. लक्ष्मणराव मोकळ्या रुळाकडे बघत उभे राहिले.